दाब, धर, सोड

"पायडल कोण दाबत होतं?"

ऐका. एवढंच विचारायचा तो. कृष्णात. केळेवाडीचा, रंगरावचा धाकटा भाऊ. पोलिसाला विचारलं, तर पोलीस म्हणाला, गाडी उताराला होती, सरकली, संपलं. सरपंचाला विचारलं, सरपंचानं नुसता खांद्यावर हात ठेवला. वहिनीला विचारलं, तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. मामाला विचारलं, मामा म्हणाला, "आधी दोन घास खा बाबा." उत्तर कुणी दिलं नाही. शेवटपर्यंत नाही.

तुम्ही म्हणाल, हा कसला प्रश्न? घरातला कर्ता माणूस गेला आणि हा पायडलचं काय घेऊन बसलाय? सांगतो. दत्तू, तू चुलवाणात चिपाडं सार आधी, जाळ मंदावलाय. गुळाची काहील उतरेपर्यंत बसायचंच आहे आपल्याला. सरकून बसा. आणि मधे उठून एकट्यानं उसाकडं जायचं असेल, तर आत्ताच जाऊन या. नंतर जाववणार नाही.

तर रंगराव आणि कृष्णात. दोघा भावांची एक जुनी डिझेल गाडी होती. पांढरी. म्हणजे कधीकाळी पांढरी. तिच्यावर ते वडाप करायचे, म्हणजे उतारू भरून न्यायचे, केळेवाडीतनं बाजारगावाला आणि परत, कारवीच्या खिंडीतनं. आत आठ माणसं, मागं दोन शेरडं, टपावर गवताचे भारे. रंगराव चालवायचा. कृष्णात दाराला लोंबकळायचा आणि भांडणं काढायचा. तापट पोरगं. चौथीतनं शाळा सोडली, तीही मास्तरांची पाटी मास्तरांच्याच अंगावर टाकून. पण गाडीतलं कळायचं त्याला. हातानं कळायचं.

त्या गाडीचा क्लच तारेचा नव्हता. तेलाचा होता. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. वर पायडलजवळ एक नळकांडं, खाली गिअरपेटीशी दुसरं. वर पाय दाबला की तेल खाली ढकललं जातं, खालचा दांडा सरतो, आणि इंजिन चाकांपासून सुटतं. पाय काढला की पुन्हा जुळतं. पण आतलं रबर झिजलं, की तेल गळायला लागतं. तेल गेलं की हवा शिरते. आणि हवा शिरली, की पायडल भुस्सकन खाली बसतं आणि सुटत काहीच नाही. मग रबर बदलायचं, तेल भरायचं आणि हवा काढायची.

आणि हवा काढणं हे दोघांचं काम. एकट्याचं नव्हे! एक वर बसतो, एक खाली झोपतो. खालचा म्हणतो, दाब. वरचा पायडल दाबतो. खालचा म्हणतो, धर. वरचा म्हणतो, धरलंय. मग खालचा पान्यानं एक बारकी निपल ढिली करतो, फसफस करत तेल येतं, बुडबुडे येतात, की लगेच आवळतो. मग म्हणतो, सोड. तेव्हा वरच्यानं पाय काढायचा. खालचा सोड म्हणेपर्यंत वरच्यानं पाय काढायचा नाही. जीव गेला तरी नाही. काढला, की हवा पुन्हा आत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कृष्णात काटकुळा, म्हणून तो नेहमी खाली. रंगराव नेहमी वर. वर्षानुवर्षं. दाब. धर. धरलंय. सोड. गल्लीतली पोरं त्यांच्या नकला करायची.

आणि एक दिवस कृष्णात बहिणीच्या गावाला जत्रेत गेला होता. रंगराव बाजारात माणसं सोडून रिकामा परत येत होता. खिंडीत क्लच बसला. सकाळी गवताला निघालेल्या बायकांना तो गाडीखाली सापडला. गाडी दोन हात मागं सरकलेली. चाक छातीवर. हातात दहाचा पाना. आणि निपलला लावलेल्या नळीचं टोक एका बाटलीत, आणि बाटली भरत आलेली. फेसाळलेल्या तेलानं.

"आबा, तेल आपोआप झिरपलं असंल की!" असं दत्तू म्हणणार. म्हण की. दात काढ. तेल झिरपतं, खरंय. पण झिरपलेल्या तेलाला असा फेस येत नाही. फेस येतो तो दाबून हवा काढल्यावर. कृष्णातनं ती बाटली हातात घेतली, उजेडात धरली, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेवढं एकच राहिलं. दादा गाडीखाली होता. गाडीत कुणी नव्हतं. मग पायडल कोण दाबत होतं?

तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे उठले. अंधार पडला. मामानं सुपारी कातरत विषय काढला.

"उद्या भंगारवाला येतोय. खिंडीतच तोडून नेतो म्हणतोय. आणायची भानगड नको."

कृष्णात अजून ताटावरच होता. त्यानं ताट सरकवलं. "काय तोडतोय?"

"गाडी. दुसरं काय हाय तिथं?"

"दादाची गाडी हाय ती."

"दादाला खाल्लं तिनं!" मामाचा आवाज चढला. "दारात आणून बांधायची हाय का तुला? पूजा करणार हाईस?"

"क्लच गळतोय निस्ता. आत रबराची वाटी असती चिंचोक्याएवढी. तेवढ्यासाठी गाडी तोडायची? चिंचोक्यासाठी?"

"किश्ना, गप जेव."

तो जेवला नाही. उठला. पिशवीत पाने टाकले, रबराचं किट टाकलं, तेलाची बाटली टाकली, बॅटरी घेतली. वहिनी दारात आडवी आली.

"भावजी, सकाळी जावा."

"सकाळी भंगारवाला येतोय."

"मग जाऊ द्या गाडी. एक माणूस गेला, गाडीचं काय करायचं मला?"

आता त्यानं काय म्हणायचं? त्यालाच कळत नव्हतं. म्हणाला, "वैनी, दादाचा हात हाय तिच्यावर." आणि तिला वळसा घालून निघाला. असा होता तो. पाय आधी, डोकं मागनं.

गावाच्या शेवटच्या घरापाशी येसाबा बसला होता. येसाबा म्हणजे जुना गाडीवान, बैलगाडीच्या काळातला. त्याला दिसत कमी होतं, पण पाऊल ओळखायचा.

"रंगाचा धाकला नव्हं? एकलाच निघालास?"

"व्हय."

"खिंडीत?"

"व्हय म्हटलं की!"

"चिडू नगंस. ऐक. तितं कुणी पानी दिलं तर पी. चिलमीला इस्तू दिला तर घे. पर हात लावू का म्हनलं, सोबत येऊ का म्हनलं, तर व्हय म्हनू नगंस. तितनं पळ."

आता हे काय, तेही सांगतो. घाबरू नका. घाबरलात तरी चालेल. पूर्वी त्या वाटेनं बैलगाड्या चढायच्या. चढण उभी. बैल दमले की थांबवायचे, आणि गाडीमागनं एक माणूस धोंडा घेऊन चालायचा, तो लगेच चाकाला धोंडा लावायचा. हेही दोघांचंच काम. एकदा काय झालं, धोंडा लावायला वाकलेला माणूस चाकाखाली गेला, आणि गाडीवान त्याला तसाच टाकून पळाला. तेव्हापासून खिंडीत एकटा गाडीवान थांबला की मागनं आवाज यायचा, "लावू का धोंडा?" हो म्हटलं की लावायचा. अगदी नीट लावायचा. आणि गाडीवान टेकला, डोळा मिटला, की काढून घ्यायचा! त्याला नाव नाही. सगळे 'सोबती' म्हणतात. आणि म्हणतात, जो तिथं दबतो, तो पुढचा सोबती होतो. आधीचा सुटतो, हा अडकतो. दोघांचं काम एकट्यानं करत कुणी थांबला, की याला जावंच लागतं. त्याच्या मनात असो नसो.

कृष्णातनं ऐकलं. पण ऐकून काय केलं? चढायला लागला.

रात्र काळी होती. वाटेच्या दोन्ही अंगाला कारवी, माणसाच्या वर गेलेली. वारा नाही. पान हलत नाही. हा चालतोय, आणि मागं पाऊल वाजतंय. खडीवर. कच्... कच्... हा थांबला. मागचंही थांबलं. पण एक पाऊल उशिरा! हा पुन्हा चालला, पुन्हा कच्... कच्... त्यानं वळून बॅटरी मारली. वाट रिकामी. नुसती खडी.

दुसरा असता तर परत फिरला असता. मी तर फिरलोच असतो, खोटं कशाला सांगू! पण याच्या डोळ्यांत सारखं पाणी यायचं आणि तो ते बाहीनं पुसायचा आणि चालायचा. भीती बसायला अंगात जागाच नव्हती.

वळणाच्या अलीकडं त्याला आवाज आला.

भुस्स.

थांबला.

भुस्स... भुस्स...

ओळखीचा आवाज! रिकामं पायडल दाबल्यावर येतो तसा. वळणापलीकडं गाडी होती. आणि गाडीत कुणीतरी पायडल दाबत होतं.

तो धावला. ओरडत धावला, "कोन हाय रं? कोन हाय?" वळणावर आला. आवाज बंद. गाडी उभी. तोंड चढणीला, पाठ उताराला, दरीकडं. लोकांनी रंगरावला काढल्यावर गिअरात टाकून, चारी चाकांमागं धोंडे लावून ठेवली होती. हातब्रेकची तार कधीचीच तुटलेली, त्यामुळं गिअर आणि धोंडे एवढ्यावरच ती उभी होती. आत कुणी नाही. दारं बंद. फक्त बॉनेट उघडं होतं. कुणी तरी तयारी करून ठेवल्यासारखं.

कृष्णातनं शिव्या घातल्या. कुणाला? कारवीला. अंधाराला. मग खाली बसला, चारी धोंडे पायानं दाबून पाहिले, आणि कामाला लागला. काय करणार? हाताला काम दिलं की छातीतलं जरा खाली बसतं.

डाव्या अंगानं खाली शिरला. पाय बाहेर, डोकं पार उजव्या दाराच्या खाली. बॅटरी शेजारी ठेवली. खालचं नळकांडं तेलानं माखलेलं. दोन बोल्ट काढले, नळकांडं खाली घेतलं, आतला दट्ट्या बाहेर ओढला. रबराची वाटी निघाली, एका बाजूनं पार खाल्लेली. तीच ती चिंचोक्याएवढी. त्यानं ती बोटावर घेऊन बघितली, आणि मोठ्यानं रडला. एवढीशी वस्तू! मग नाक पुसलं, फडक्यानं नळकांडं आतनं साफ केलं, नवी वाटी तेलात भिजवून बसवली, तोंड नीट आत करून, उलटी बसू नये म्हणून दातांनी ओठ चावत. बोल्ट आवळले. वर जाऊन बॉनेटखालच्या डबीत तेल ओतलं. पुन्हा खाली आला. निपलवर पाना लावला.

आणि थांबला. कारण आता दुसरा माणूस हवा होता.

तेव्हा हाक आली.

"किश्ना."

वरनं. गाडीतनं. तुम्हाला ठाऊक आहे ना, रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये? त्यालाही ठाऊक होतं. दात दाबून गप्प पडून राहिला.

"किश्ना."

रंगरावचा आवाज! तोच, तंबाखू गालात धरून बोलल्यासारखा.

"दाबू का रं?"

आता बघा. येसाबानं सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. पण तुमचा भाऊ गेलाय, तेरा दिवस तुम्ही त्याचा आवाज ऐकायला तडफडताय, आणि तो तुम्हाला विचारतोय, दाबू का? तुम्ही पळाल? सांगा की! ...हां. नाही ना. त्यानंही पळ काढला नाही. त्याच्या तोंडून शब्द निघून गेला.

"दाब."

भुस्स. पायडल खाली गेलं.

"धर."

"धरलंय."

त्यानं निपल ढिली केली. फसफसून तेल आलं, फेस आला. आवळली. "सोड." पायडल वर आलं. दाब. धर. धरलंय. सोड. जसं घरापुढं करायचे, तसं. अगदी तसंच!

"आबा, भुताला क्लच कळतो व्हय?" हसलास ना दत्तू? हस. पण जाळाकडं बघ. कळत नाही, असं कोण म्हणेल? जिवंतपणी ज्याला कळत होता, त्याला मेल्यावर कसा विसरेल?

मधेच डबीतलं तेल संपत आलं. वर जाऊन भरणं भाग होतं, नाहीतर पुन्हा हवा शिरली असती. कृष्णात बाहेर आला, बॉनेटपाशी गेला. बॉनेट उभं होतं, त्यामुळं काचेतनं आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. एक पाऊल बाजूला टाकलं असतं, तर दिसलं असतं. एकच पाऊल. त्यानं टाकलं नाही. भीतीनं नव्हे. त्याला वाटलं, आपण बघितलं आणि तिथं कुणी नसलं, तर? न बघता तेल ओतलं, न बघता झाकण लावलं, आणि मान खाली घालून पुन्हा गाडीखाली गेला.

तेवढ्यात मागं कुठंतरी खुडखुडलं. आणि एक धोंडा गडगडत दरीत गेला. गड... गड... गड... बराच वेळ जात राहिला.

त्याला वाटलं, रानडुक्कर असेल.

दाब. धर. धरलंय. सोड. बुडबुडे कमी यायला लागले. पायडल जड व्हायला लागलं, त्याचा आवाज बदलला. भुस्स जाऊन नुसतं हुं... हुं... व्हायला लागलं. आणखी एक धोंडा गेला दरीत. त्यानं ऐकलं, पण कान सगळा वरच्या आवाजाकडं होता. पुन्हा एक गेला. मग शेवटचा.

आता एक ध्यानात घ्या. नीट ध्यानात घ्या! धोंडे गेले. हातब्रेक नाही. गाडी उभी कशावर? फक्त गिअरवर. आणि क्लचमध्ये हवा होती तोवर पायडल दाबून काही सुटत नव्हतं, गाडी गिअरात घट्ट होती. पण हा काय करत होता? स्वतःच्या हातानं हवा काढत होता! जसजसा क्लच दुरुस्त होईल, तसतसं पायडल दाबलं की गाडी मोकळी होणार. जो जीव घेणार होता, त्याला हा आपल्या हातानं दात बसवत होता. आणि रंगरावचंही असंच झालं असणार. रंगराव जन्मभर वर बसलेला. दाबायला सांगायचं, हे त्यानं ऐकून ऐकून जमवलं असेल. पण वेळेवर सोड म्हणायची सवय त्याच्या जिभेला नव्हती. कधी म्हणावंच लागलं नव्हतं त्याला.

"दाब."

हुंऽ.

"धर."

"धरलंय."

निपल ढिली केली. तेल आलं. एकसारखं, धारेनं. बुडबुडा नाही. एकही नाही. काम झालं होतं! त्यानं निपल आवळली. आता म्हणायचं, सोड.

म्हटलंच नाही त्यानं.

काम झालं तर दादा जाणार, एवढंच त्याला कळत होतं. पाना छातीवर ठेवला आणि वर बघत, त्या काळ्या पत्र्याकडं बघत म्हणाला, "धर दादा. आजून धर."

"धरलंय."

"दादा, त्या राती पायडल कोन दाबत हुतं?"

"धरलंय."

"मला कुनी सांगंना. तू तरी सांग."

"धरलंय, किश्ना."

"मला बलावलं का न्हाईस? जत्रा टाकून आलो असतो की रं. पळत आलो असतो. कोन बसलं हुतं तितं, दादा?"

"धरलंय."

खडी करकरली. बारीक. कृष्णातला वाटलं, आपल्याच पाठीखालची. त्यानं मान उजवीकडं वळवली. दार उघडं होतं आता. आणि दारातनं एक पाय जमिनीवर टेकला होता. रंगरावची बसायची तऱ्हाच ती, क्लच दाबताना उजवा पाय बाहेर. अनवाणी. गाडी अनवाणीच चालवायचा तो. बॅटरीचा उजेड थेट त्या पावलावर होता.

कृष्णात गाडीखाली. पाऊल बाहेरच्या बाजूला. मग त्याला काय दिसायला हवं? टाच. हो ना?

बोटं दिसत होती. पाचही बोटं, त्याच्या तोंडाकडं केलेली. आणि टाच पलीकडं.

त्यानं मान झटकन मागं घेतली. आणि तेवढ्यात चाक त्याच्या मांडीला टेकलं. गाडी सरकत होती! गुपचूप, इंच इंच, मागं, दरीकडं. चाक विजारीवर चढलं. कापड ताणलं. मांडीचं कातडं चिमटलं. त्यानं पाय ओढला, निघेना. तळहातांनी गाडी ढकलायला लागला. गाडी कधी हातानं थांबते? वजन यायला लागलं. हाडावर यायला लागलं. वरनं तोच आवाज, तसाच शांत.

"धरलंय, किश्ना. धरलंय."

पळ म्हणावं, तर पळता येत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं, तर आठवत नव्हतं. शेवटी तोंडातनं निघालं ते, आयुष्यभर त्या जागी पडून जे म्हटलं होतं तेच. पोटाच्या देठापासनं.

"सोऽऽड! दादा, सोड!"

पायडल सुटलं.

गाडीला असा हिसका बसला, की सगळा पत्रा थरथरला. गिअरानं चाकं पकडली. गाडी थांबली. कापडावर, कातड्यावर, हाडाच्या ह्या बाजूला थांबली. त्यानं विजार टराटरा फाडली, मांडीची साल मागं ठेवली, आणि सरपटत बाहेर निघून कारवीत जाऊन पडला.

दम घ्या. मीही घेतो. पाणी द्या रे कुणी.

तर आता ऐका, सांगून ठेवतो. गाडी केळेवाडीत आली. दिवस उजाडायच्या आत कृष्णातनं ती दारात उभी केली. क्लच असा लागला, की जणू लोण्यावर पाय. वहिनी रात्रभर उंबऱ्यात बसून होती, तिनं त्याची मांडी बघितली आणि हळद दाबली. भंगारवाला आला तसा गेला. कृष्णात अजून वडाप करतो, पण लांबच्या डांबरी रस्त्यानं, दुप्पट डिझेल जाळून. विचारा त्याला, खिंडीतनं का येत नाहीस? उतारू शिव्या घालतात, तरी वळत नाही.

तुम्हीही जाऊ नका. कारवीच्या खिंडीनं जाऊ नका. दिवसासुद्धा वाट वाकडी करा. गाडी बंद पडली, तर तिथंच सोडून चालत या, कुणी नेत नाही. पण एकट्यानं थांबून दोघांचं काम काढू नका. आणि कुणी मायेनं विचारलं, ओळखीच्या आवाजात विचारलं, दाबू का? धरू का? लावू का? तर तोंड उघडू नका. मग तो आवाज कुणाचाही असो. आईचा असला, तरी नाही!

येसाबा म्हणायचा, त्या खिंडीतनं वाचलेले तीन-चार जण त्यानं बघितले होते. सगळे वाचले तसे पळाले. मागं वळून कुणी बघितलं नाही, बोललं नाही. कोण बोलेल? मी तुम्हाला तेच सांगतोय, पळा.

कृष्णात मात्र पळाला नाही.

कारवीत पडून होता बराच वेळ. मांडीतनं रक्त येत होतं. समोर गाडी, दार उघडं, बॉनेट उभं. आत काळोख. आणि त्या काळोखात कुणीतरी बसलंय, हे त्याला कळत होतं. पाय काढून, पण जागेवरच. कारण काम झालं, असं खालच्यानं अजून सांगितलं नव्हतं. रंगराव असा उठायचा नाहीच कधी. ऊन असो, पाऊस असो, पाय वळलेला असो, धाकटा सांगेपर्यंत बसून राहायचा.

कृष्णात उठला. लंगडत गेला. खरंच जीव जाईल इतका घाबरला होता. सगळ्यात आधी रस्त्याकडेचे दोन मोठे दगड ओढून चाकांमागं लावले. मग बॉनेट पाडलं. आता काच मोकळी होती. या वेळी त्यानं बघितलं. आत काय दिसलं, ते त्यानं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

उघड्या दारापाशी जाऊन उभा राहिला. हात तेलानं आणि रक्तानं भरलेले. म्हणाला, "झालं दादा. हवा निघाली सगळी. चांगला लागलाय क्लच."

आत काही हललं नाही.

"झालं म्हनतोय. उतर आता. मी नेतो गाडी."

मग गाडीची उजवी बाजू, जडशीळ माणूस उतरल्यावर उठते तशी, हळूच बोटभर वर उठली.

कृष्णात दारातनं एक पाऊल मागं सरला, आणि त्याला जायला वाट दिली.